उसात साखरेखेरीज काय आहे?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण. त्या दिवशी जे येऊ शकले नाहीत अशा वाचकांसाठी किंचित विस्ताराने येथे दिले आहे.)



मी बी. ए., बी. एड्. झालेला, इतिहास-भूगोल शिकवणारा मास्तर आहे. रसायनशास्त्र हा माझा विषय नव्हे. तरीसुद्धा आज उसापासून होणारे इंधन आणि उसापासून होणारी रसायने यांवर बोलावे असे मी ठरविले, याचे कारण अगदी साधे आहे. आपल्या संस्थेतील मुले ज्या गावांतून येतात तेथे ऊस हा पुस्तकातला धडा नसून घरातला व्यवहार आहे. कोणाचे वडील कारखान्यात फिटर आहेत, कोणी ऊस-वाहतुकीचा ट्रॅक्टर चालवितो, कोणाचे गॅरेज हंगामाच्या चार महिन्यांवर वर्ष काढते, तर कोणाची एक-दोन एकर लागण असते. इतके असूनही आपल्या समाजातील माणूस कारखान्यात शोधावयाचा झाला तर तो वर्कशॉपमध्ये, वजनकाट्यावर किंवा गेटवर सापडतो. प्रयोगशाळेत तो क्वचितच दिसतो. आमच्या भागापुरते तरी मी हे पाहतो आहे. हाताला कौशल्य आहे, पण त्या कौशल्याला शास्त्राची जोड मिळालेली नाही. ती मिळविण्याची वेळ आताच आली आहे, असे मला का वाटते ते आज सांगावयाचे आहे.

प्रथम एक टन ऊस डोळ्यांसमोर आणा. गव्हाणीत पडलेल्या या एक टन उसातून साखर किती निघते? उतारा चांगला असेल तर शंभर ते एकशेदहा किलो. म्हणजे दहावा हिस्सा! मग बाकीचे नऊ हिस्से जातात कोठे? बराचसा भाग पाणीच असतो, आणि ते वाफ होऊन जाते. परंतु त्याशिवाय सुमारे २८० ते ३०० किलो चिपाड निघते, ज्यास कारखान्यात बगॅस म्हणतात. ३० ते ४० किलो प्रेसमड, म्हणजे रस गाळताना राहिलेला काळा चिखल निघतो. आणि ४० ते ४५ किलो मळी, म्हणजे साखरेचे दाणे काढून घेतल्यावर राहिलेला तो घट्ट, काळसर पाक, ज्यातून आणखी साखर काढणे परवडत नाही. साखर पोत्यात जाते आणि तिचा भाव वर्तमानपत्रात छापून येतो, म्हणून आपले लक्ष तिच्याकडे. पण आजचे कारखाने कर्ज काढून जे नवे विभाग उभारीत आहेत ते बहुतेक या उरलेल्या वस्तूंसाठी आहेत.

यांपैकी मळीपासून सुरुवात करू, कारण तिचा इतिहास सर्वांत जुना आहे. मळीत पाणी घालून ती पातळ करतात आणि तीत यीस्ट सोडतात. पाव फुगविण्यासाठी आपले बेकरीवाले जे किण्व वापरतात त्याच जातीचे हे सूक्ष्म जीव. ते साखर खातात आणि मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात. विद्यार्थ्यांनी हे गणित लक्षात ठेवावे: १८० ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ९२ ग्रॅम मद्यार्क मिळतो आणि ८८ ग्रॅम वायू सुटतो. म्हणजे साखरेचे निम्मे वजन हवेत जाते. शहाणे कारखाने तो वायूही पकडून बाटलीबंद पेयांसाठी वा कोरड्या बर्फासाठी विकतात.

यीस्टने तयार केलेल्या या आंबवणीत मद्यार्क थोडा आणि पाणी फार असते. ते वेगळे करावयाचे तर तापवावे लागते. मद्यार्क ७८ अंश सेल्सिअसला उकळतो, पाणी १०० अंशांना. म्हणून मद्यार्काची वाफ आधी वर चढते आणि ती थंड करून गोळा करता येते. यालाच ऊर्ध्वपातन म्हणतात. आता मी इतिहासाचा मास्तर असल्यामुळे येथे थोडे थांबणार आहे. 'अल्कोहोल' हा शब्द अरबी 'अल-कुहल'पासून आला. कुहल म्हणजे आपण डोळ्यांत घालतो तो सुरमा. अतिशय बारीक, शुद्ध केलेली वस्तू असा त्याचा अर्थ पुढे युरोपात रूढ झाला आणि अखेर तो ऊर्ध्वपातनाने शुद्ध केलेल्या द्रवास चिकटला. ऊर्ध्वपातनाच्या भांड्यास अरबीत 'अल-अंबीक' म्हणत; बडोद्यात १९०७ साली निघालेल्या औषधांच्या कंपनीने हेच नाव घेतले आहे. नवव्या शतकात अल-किंदी याने अत्तरे व सुगंधी अर्क काढण्याच्या कृती लिहून ठेवल्या. आणि साखर? संस्कृतातली शर्करा फारसीत शकर झाली, अरबीत सुक्कर झाली आणि तेथून युरोपच्या सर्व भाषांत गेली. ऊसही याच वाटेने गेला. हिंदुस्थानातून इराण, इराणातून इजिप्त, सिसिली आणि स्पेन, आणि पुढे दर्यावर्दी लोकांबरोबर अमेरिकेत. ही माहिती मी केवळ अभिमानासाठी सांगत नाही. जुन्या अभिमानावर आज कोणास नोकरी मिळत नाही. परंतु 'केमिस्ट्री आपल्या लोकांना जमत नाही' असे जे आपले पालक सहज बोलून जातात त्यांनी हे दोन शब्द आठवावेत.

याच ठिकाणी एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो. "सर, तुम्ही मुलाला दारूच्या भट्टीत पाठवायला सांगता काय?" प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. धार्मिक बाबतीत निर्णय देण्याचा मला अधिकार नाही. तो ज्यांचा आहे त्यांनाच विचारावा. मी फक्त वस्तुस्थिती सांगू शकतो. पेट्रोलमध्ये मिसळण्याचा इथेनॉल पाणी जवळजवळ पूर्ण काढून टाकलेला असतो आणि तो पिण्यास अयोग्य करून विकला जातो. इस्पितळात इंजेक्शनपूर्वी कापसावर लावतात तो मद्यार्कच. रंग, छपाईची शाई, औषधांचे अर्क यांत तो द्रावक म्हणून लागतो. २०२० साली करोनाच्या साथीत जेव्हा हात धुण्याच्या सॅनिटायझरचा तुटवडा पडला तेव्हा महाराष्ट्रातील कित्येक साखर कारखान्यांनी आपल्या आसवनीतून तो पुरविला, आणि तो आपण सर्वांनी वापरला. देशी दारू बाटलीत भरणारा विभाग वेगळा आणि औद्योगिक मद्यार्काचा विभाग वेगळा असतो. नोकरी पत्करताना आपण कोठे काम करणार हे विचारून घेण्यास कोणाचीच मनाई नाही.

आता इंधनाकडे वळू. मद्यार्कावर इंजिन चालते ही गोष्ट नवी नाही. आपल्याकडे १९४८ सालीच पॉवर अल्कोहोलचा कायदा झाला होता, पण खनिज तेल स्वस्त असल्याने तो बाजूस पडला. पुढे २००१ साली पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्राथमिक प्रयोग देशात तीन ठिकाणी झाले. त्यांतली दोन ठिकाणे आपल्या महाराष्ट्रातली, मिरज आणि मनमाड. तिसरे उत्तर प्रदेशात बरेलीजवळ. जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रणास आरंभ झाला. मात्र दहा वर्षांनीही, म्हणजे २०१३-१४ मध्ये, देशभराचे सरासरी मिश्रण दीड टक्क्याच्या आसपासच होते. गाडी खरी पळाली ती २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर. तोपर्यंत इथेनॉल प्रामुख्याने शेवटच्या मळीपासून होत असे. या धोरणाने साखर थोडी कमी काढून राहिलेल्या दाट 'बी-हेवी' मळीपासून आणि थेट उसाच्या रसापासूनही तो करण्यास मोकळीक दिली. जून २०२२ मध्ये दहा टक्के आणि २०२५ मध्ये वीस टक्के मिश्रण साधले. आज आपल्या स्कूटरमध्ये पडणाऱ्या पाच लिटर पेट्रोलमध्ये सुमारे एक लिटर इथेनॉल असतो. त्याची उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच असते, हे मात्र मायलेज मोजणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

या कामात ब्राझीलचे उदाहरण नेहमी दिले जाते, आणि ते रास्तच आहे. १९७३ च्या तेलटंचाईने होरपळलेल्या त्या देशाने नोव्हेंबर १९७५ मध्ये 'प्रोआल्कूल' नावाची योजना सुरू केली. १९७९ मध्ये निव्वळ मद्यार्कावर चालणारी मोटार बाजारात आली आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यास तेथे विकल्या जाणाऱ्या दर दहा नव्या मोटारींपैकी नऊ मद्यार्कावर चालत. मग १९८६ साली जगात तेलाचे भाव कोसळले. साखरेला मात्र भाव आला, तेव्हा कारखानदार साखरेकडे वळले, आणि १९८९ मध्ये पंपांवर मद्यार्कच मिळेना. लोकांनी रांगा लावल्या, चिडले, आणि पुढची काही वर्षे अशा गाड्यांकडे त्यांनी पाठ फिरविली. २००३ मध्ये पेट्रोल व मद्यार्क कोणत्याही प्रमाणात चालणाऱ्या गाड्या निघाल्या तेव्हा कोठे त्या धंद्याची पुन्हा घडी बसली.

आपल्याकडेही याची चुणूक दिसून गेली आहे. पाऊस कमी झाल्याने साखर कमी पडेल या भीतीने केंद्र सरकारने ७ डिसेंबर २०२३ रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास बंदी घातली. आठवडाभराने ती थोडी सैल करून १७ लाख टन साखरेइतकी मर्यादा घातली, आणि पुढच्या हंगामासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये ती उठविली. ज्या कारखान्यांनी कर्ज काढून नव्या आसवन्या बांधल्या होत्या त्यांना हंगाम ऐन भरात असताना हा धक्का बसला. त्यात आता मक्यापासून व तुकडा तांदळापासून होणारा इथेनॉल उसाच्या इथेनॉलपेक्षा अधिक होऊ लागला आहे. सारांश, केवळ इंधनावर विसंबलेला कारखाना सरकारी आदेशाच्या दोरीवर चालतो. दोरी हलली की तो डगमगतो.

पण माझा मुख्य मुद्दा याहून वेगळा आहे, आणि तो पाण्याचा आहे.

ब्राझीलचा बहुतेक ऊस पावसाच्या पाण्यावर वाढतो. आपला ऊस धरणाच्या, विहिरीच्या व उपसा सिंचनाच्या पाण्यावर वाढतो. महाराष्ट्रात पिकांखालील क्षेत्राच्या अवघे चार टक्के क्षेत्र उसाचे, पण सिंचनाच्या पाण्यापैकी सत्तर टक्क्यांच्या जवळपास पाणी तो पितो, असे कृषी मूल्य आयोगाने नमूद केले आहे. नीती आयोगाने २०२१ साली इथेनॉलचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यातच स्पष्ट म्हटले आहे की, उसाच्या साखरेपासून एक लिटर इथेनॉल करावयाचा तर त्यामागे सुमारे २८६० लिटर पाणी लागते.

आकडे ऐकून माणूस जांभई देतो, म्हणून मी तुम्हास एक उदाहरण देतो. एप्रिल २०१६ आठवा. लातूर शहराचे नळ कोरडे पडले होते आणि पाण्यासाठी भांडणे होऊ नयेत म्हणून टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली होती. त्या वेळी रेल्वेने पाणी पाठविण्यात आले. कोठून? मिरजेहून. ज्या मिरजेत पंधरा वर्षांपूर्वी इथेनॉल-मिश्रित पेट्रोलचा प्रयोग झाला, त्याच मिरजेहून दहा डब्यांची पहिली गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला गेली. साऱ्या देशाने ती बातमी वाचली. आता पाटी-पेन्सिल घ्या आणि पाच लाखांस २८६० ने भाग द्या. उत्तर येते सुमारे १७५. म्हणजे त्या अख्ख्या गाडीतले पाणी थेट रसापासून केलेल्या फक्त १७५ लिटर इथेनॉलच्या बरोबरीचे होते. रॉकेलचे पिंप दोनशे लिटरचे असते. ते पिंपसुद्धा भरत नाही!

हे मी उसाच्या शेतकऱ्यास दोष देण्यासाठी सांगत नाही. तो ज्या पिकास खात्रीचा भाव आहे आणि खात्रीचे गिऱ्हाईक आहे ते पीक घेतो. आपणही तेच केले असते. ठिबकावर ऊस घेणाऱ्यांनी पाण्याची मोठी बचत करून दाखविली आहे आणि तो मार्ग आहेच. पण एवढे मोल देऊन जो रस आपण तयार करतो तो जाळून टाकणे हा त्याचा सर्वांत हलका उपयोग होय, असे माझे स्पष्ट मत आहे. दागिना मोडून जळण आणण्यासारखे ते आहे.

मग उसापासून इंधन करूच नये काय? करावे, पण जे आपोआप उरते त्यातून करावे. त्यासाठी पाण्याचा एक थेंबही जादा लागत नाही. साखर काढून झाल्यावरची शेवटची मळी घ्या. तिच्या एका टनातून सव्वादोनशे ते अडीचशे लिटर मद्यार्क मिळतो. चिपाड घ्या. पूर्वी ते साध्या बॉयलरमध्ये कसेबसे जाळून संपवीत. आता उच्च दाबाचे बॉयलर बसवून त्याच चिपाडावर कारखाना आपली वीज करतो आणि उरलेली राज्याच्या जाळ्यात विकतो. तमिळनाडूत करूरजवळ सरकारी कागद कारखाना १९८४ पासून चिपाडाचा कागद बनवितो आहे, आणि तेवढी झाडे वाचतात. प्रेसमड शेतात खत म्हणून जाते हे तुम्ही जाणताच. त्याच प्रेसमडच्या सुमारे २५ टनांतून एक टन शुद्ध केलेला जैववायू निघतो, जो सी.एन.जी.सारखा गाडीत भरता येतो. वायू काढल्यावरही खत उरतेच.

आसवनीचे सांडपाणी, ज्याला स्पेंटवॉश म्हणतात, त्याबद्दल मात्र जरा कडक बोलले पाहिजे. एक लिटर मद्यार्कामागे हे काळे, कढत, उग्र वासाचे पाणी आठ ते बारा लिटर निघते. ते ओढ्यात सोडले तर मासे मरतात, विहिरी तांबूस होतात, आणि ज्या वस्त्या नदीच्या खालच्या अंगास असतात त्यांना पहिला त्रास होतो. त्या वस्त्या कोणाच्या असतात हे येथे बसलेल्यांस सांगावयास नको. कायद्याने आज असे पाणी बाहेर सोडता येत नाही. त्यापासून आधी वायू काढावयाचा, मग ते आटवून बॉयलरमध्ये जाळावयाचे, अशी पद्धत आता आली आहे. आणि गंमत पाहा, त्या राखेत पोटॅश असते, जे खत आपला देश जवळजवळ सगळेच परदेशातून आणतो. ज्याची घाण म्हणून नाके मुरडली त्यातच खताचे पोते निघाले. परंतु हे सारे नीट चालते की नाही हे रोज नमुने घेऊन तपासणारा माणूस लागतो. तो माणूस बहुधा बी.एस्सी. रसायन झालेला असतो. आपल्याच गावचा मुलगा किंवा मुलगी त्या जागेवर असेल तर ओढ्याची काळजी अधिक घेतली जाईल, अशी माझी भाबडी समजूत आहे.

आता रसायनांकडे येतो. मद्यार्काचा रेणू लहान, दोन कार्बनांचा. त्यातून पाणी काढून टाकले की इथिलीन नावाचा वायू मिळतो, आणि इथिलीन म्हणजे प्लॅस्टिकची जननी. ब्राझीलमध्ये ब्रास्केम या कंपनीने २०१० साली त्रिउन्फो येथे उसाच्या मद्यार्कापासून वर्षाला दोन लाख टन पॉलिथिलीन करणारा कारखाना सुरू केला, तेव्हा जगभर कौतुक झाले. पण हे काम आपण कितीतरी आधी केले होते. कलकत्त्याजवळ रिश्रा येथे १९५९ मध्ये मद्यार्कापासून पॉलिथिलीन निघू लागले होते. साठीच्या दशकात बरेलीस मद्यार्कापासून कृत्रिम रबर तयार होत असे, ज्याचे टायर आपल्या रस्त्यांवर धावले. पुढे मुंबईच्या आसपास तेलशुद्धीच्या नाफ्थापासून तीच रसायने स्वस्तात निघू लागली आणि उसाची वाट मागे पडली.

ती पूर्ण बंद मात्र झाली नाही. उत्तराखंडात काशीपूर येथे मद्यार्कापासून ग्लायकॉल बनवितात, ज्यापासून पॉलिएस्टरचे कापड आणि पाण्याच्या बाटल्या होतात. आपल्या राज्यात, कोपरगाव तालुक्यातील साकरवाडीस मद्यार्कापासून इथिल ॲसिटेट व इतर रसायने निघतात. इथिल ॲसिटेट म्हणजे छपाईच्या शाईत, रंगांत आणि औषधांच्या कारखान्यांत लागणारा द्रावक. मद्यार्काचे ऑक्सिडीकरण केले की ॲसिटिक आम्ल. घरातल्या सिरक्याचा आंबटपणा त्याचाच. यीस्टच्या जागी दुसरे सूक्ष्म जीव सोडले की त्याच साखरेतून दुसरीच वस्तू निघते. एका बुरशीने सायट्रिक आम्ल होते, जे सरबताच्या पुडीत असते. काही जिवाणूंनी लॅक्टिक आम्ल होते, आणि त्याच्या रेणूंची माळ गुंफली की योग्य व्यवस्था केल्यास कुजून जाणारे प्लॅस्टिक. चिपाडातील एका भागापासून फरफ्युरल मिळते, जे वंगणतेल शुद्ध करण्यास आणि ओतकामाच्या साच्यांच्या राळेस लागते. आमच्या भागातील फाउंड्रीवाल्यांनी कान टवकारावेत.

या वस्तूंचा धंदा इंधनासारखा नाही. इंधनास गिऱ्हाईक सरकारी तेल कंपन्या, भाव सरकारचा, मर्यादाही सरकारची. रसायनास शंभर गिऱ्हाइके असतात आणि माल शुद्ध असेल तर भाव चांगला मिळतो. शंभर किलो साखर त्यात घातली तर तिच्यामागच्या पाण्याचे काही तरी चीज होते. अडचणीही आहेत, त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. खनिज तेल उतरले की तेलापासूनचे रसायन स्वस्त होते आणि उसाचे महाग ठरते. औद्योगिक मद्यार्कावर हक्क केंद्राचा की राज्याचा, हा वाद दशकानुदशके चालला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने राज्यांस अधिकार असल्याचे ठरविले. परवाने, कर, वाहतुकीचे पास यांत उद्योजकाचा जीव मेटाकुटीस येतो. पण सर्वांत मोठी उणीव माणसांची आहे. आसवनी आयते यंत्र आणून उभी करता येते. एखादे शुद्ध रसायन वर्षभर एकाच प्रतीचे काढावयाचे तर शिकलेली माणसे लागतात, आणि ती यंत्राबरोबर खोक्यात भरून येत नाहीत.

१९५० साली प्रवरेकाठी लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हा शेतकऱ्याचा मुलगा कारखान्याचा मालक झाला. ती एक पायरी होती. मालक झालेल्यांच्या आणि कामगार राहिलेल्यांच्या, दोघांच्याही मुलांनी त्या कारखान्यातले रसायनतज्ज्ञ व्हावे, ही दुसरी. आणि या सगळ्याच्या तळाशी जी मुले आहेत त्यांचा उल्लेख केल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. दिवाळीनंतर बीडकडून टोळ्या येतात. आईबाप कोयता घेऊन फडात आणि मूल पालावर धाकट्या भावंडास सांभाळीत. साखरशाळा निघाल्या, काही चालल्या, काही बंद पडल्या. आपल्या शाळेच्या आवारापासून हाकेच्या अंतरावर पाल पडते तेव्हा त्या मुलांना चार महिने आपल्या वर्गात बसविण्यास कोणत्याही नव्या शोधाची गरज नाही. संस्थेच्या कार्यकारिणीने यावर्षी याचा विचार करावा अशी माझी जाहीर विनंती आहे.

विद्यार्थी मित्रहो, आता तुमच्या उपयोगाचे सांगतो. दहावीनंतर आय.टी.आय. करणाऱ्यांनी केवळ फिटर-वेल्डरवर न थांबता बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेची चौकशी करावी आणि केमिकल प्लँटच्या ऑपरेटरचा अभ्यासक्रम पाहावा. बारावी शास्त्र करणाऱ्यांनी गणित नकोसे वाटते म्हणून रसायनशास्त्राची हयगय करू नये. बी.एस्सी. रसायन किंवा सूक्ष्मजीवशास्त्र झाल्यावर दोन ठिकाणे मुद्दाम लक्षात ठेवा. एक, पुण्याजवळ मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, स्थापना १९७५. दुसरे, कानपूरची राष्ट्रीय शर्करा संस्था, स्थापना १९३६. दोन्हीकडे साखर तंत्राचे व मद्यार्क तंत्राचे पदवीनंतरचे अभ्यासक्रम चालतात. जागा मर्यादित असतात आणि अर्जाच्या तारखा निकालाच्या गडबडीत निघून जातात, तेव्हा पालकांनी त्या आधीच माहीत करून घ्याव्यात. सूक्ष्मजीवशास्त्राकडे मुलींचा ओढा आहे आणि आसवनीच्या प्रयोगशाळेतले काम त्याच विषयाचे आहे. तेव्हा 'कारखाना म्हणजे पुरुषांचे काम' हे कारण आता कोणी मला देऊ नये. शिष्यवृत्त्यांचे अर्ज भरण्यास मी शनिवारी शाळा सुटल्यावर ग्रंथालयात बसतो. येताना गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला आणि त्यांच्या दोन-दोन प्रती आणाव्यात; झेरॉक्सचे दुकान शनिवारी दुपारी बंद असते.